शिंगं साळणारा

बेंदराला तीन दिवस राहिले की
खरसुंडीत माझ्या ओट्यापुढं बैलांची रांग लागते.
एरवी वर्षभर येताळा कुणाच्या ध्यानात नसतो.
आता मात्र, आबा, आमच्याला आधी घ्या.

फुटक्या बाटलीची काच, कानस, गोडेतेलाची वाटी.
काच शिंगावरनं उतरते तसा
भुसा पडत राहतो मांडीवर,
जळक्या केसांचा वास असतो त्याला.
जास्त साळलं की रगत दिसतं.
कुठं थांबायचं ते हाताला कळतं,
मला विचारू नका.

काल काजळ्याला घेतला होता.
निवासच्या पोरानं मोबाईल पुढं धरला.
आबा, ही बघा स्पेनमधली बैलं.

गोल मैदान, पिवळी वाळू, तुतारीगत काहीतरी वाजलं.
माणसं नटून आली रांगेनं,
घट्ट विजारी, जरीच्या बंड्या, गुडघ्यापतोर गुलाबी मोजे.
आमच्यात नवरदेवसुद्धा एवढा नटत नाही.
त्यातला एकजण आत यायच्या आधी
कुठल्याशा देवीपुढं वाकला,
कपाळाला, छातीला हात लावला.
तेवढं पटलं मला.

मग काळा बैल सुटला. वशिंड नाही, मान ही एवढी.
माणसाकडं मी बघितलंच नाही.
शिंगं बघत होतो. पुढं वळलेली, टोकाला उजळ.
कुणाच्या मांडीवर पडला असंल त्यांचा भुसा?
का कुणी हातच लावला नव्हता आजवर?

झालरीच्या रंगीत काड्या रुतल्या त्याच्या पाठीत,
आम्ही झूल टाकतो, त्या जागी.
नंतर लाल फडकं. नंतर तलवार.
लोकांनी पांढरे रुमाल हलवले,
आणि बैलाचा कान कापून
त्या नटलेल्या माणसाच्या हातात दिला.

काजळ्याचा कान माझ्या गालाला लागत होता,
सरकारी पिवळ्या बिल्ल्यासकट.

लई वाईट लोक, आबा, पोरगं म्हणालं.

मी काच पुसत बसलो.

शर्यतबंदीची सालं होती ती.
येरळेच्या कोरड्या पात्रात, उजाडायच्या आत,
मोटरसायकलींच्या उजेडात फाट्या आखलेल्या.
हलगी नाही, समालोचक नाही,
कुणी खोकलं तरी दहाजण वळून बघायचे.
सुट्टीला मी होतो.
जुवाखाली तांबूस खोंड, आदत,
नावसुद्धा ठेवलं नव्हतं अजून.
झेंडा पडला. ते हललं नाही.
खाली बसलो, त्याची शेपटी दातांत धरली

आणि पहिला नंबर आला.
गुलाल आम्ही घरी जाऊन लावला, दार लावून.

दात पडून आता सात वर्षं झाली.
चव आहे.

हे पोराला सांगायचं म्हणून तोंड उघडलं,
तर ते पितळी शेंब्या चिंचेनं घासत बसलेलं, मान खाली घालून.
काजळ्यानं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं.
खाज सुटली असंल त्याला, दुसरं काय.

उजवं झालं होतं.
डावं शिंग राहिलं होतं अजून.