दोन भिंतींमधलं पाणी

रायबंदरच्या धक्क्यावर साडेसातची फेरी.
डब्यात तिसऱ्यांचं उरलेलं सुकं,
वहीत दिवसभराची एकच ओळ:
*हिरवा ठिपका बाहेरच्या भिंतीशीच.*

यीस्टची पेशी. तिच्यातल्या मायटोकॉन्ड्रियाला
भिंती दोन, मध्ये पाणी.
केसाची जाडी चार हजारांत वाटली
तर एकाच्या वाट्याला येईल एवढं.
पण मेदाच्या रेणूला ती मांडवीच.
तेलाला पोहता येत नाही,
हे चोडणला माझी आई कढई घासताना रोज बघते,
तिला त्यासाठी शिष्यवृत्ती लागली नाही.

म्हणून एक छोटं प्रथिन
त्याला पोटातल्या खिशात घेतं,
वरून झाकण ओढतं.
सोबतीला दुसरं असतं, वाटेत सांभाळणारं;
काठ लागला की ते हात सोडतं.
पलीकडे मग त्याचं काय काय होत
शेवटी कार्डिओलिपिन होतं: चार शेपट्यांचं,
पहिल्यांदा बैलाच्या काळजात सापडलेलं.
ते पुरेसं साठलं
की बोट परतत नाही.
तिथेच तिला मोडून खातात.

हे मी इनासला सांगितलं नाही.
तो दोर गुंडाळत होता, म्हणाला,
"पूल जातकच आमी खंय वचप?"
पेशीतही पूल असतात, म्हणे,
लांबलचक, पोटातून पन्हळ गेलेले.
त्यावरून आमच्यात भांडणं आहेत.
मी नुसतं "बघूया" म्हटलं.

खारफुटीत बगळ्यांचा पांढरा गोंधळ.
चोडण आलं, फळी खाली आदळली,
आधी स्कूटर, मग माणसं, मग बर्फाच्या पेट्या.
मी वहीत आकडे पुन्हा ताडत बसले.
मान वर केली तेव्हा
समोर रायबंदरचे दिवे होते.
"बाये, देंवूंक ना?" इनास हसत होता.

आणि तेव्हा, भर पाण्यात,
ठिपका अडकलाच नसेल.
गेला असेल पलीकडे,
धक्क्यावर त्याला उतरवून घेणारं कुणी नव्हतं,
तो त्याच बोटीने परत आला,
आम्ही सकाळपासून
परतलेल्याला न गेलेला समजत होतो.

पलीकडचं एन्झाइम तपासायचं.
उद्या. नाही, आत्ता लिहून ठेवते,
पेन ओलसर कागदावर उमटत नाही,
आईचा दुसऱ्यांदा फोन:
पोचलीस का?