त्रेचाळीस इंच

सोफ्यापासून भिंतीपर्यंत पावणेसात फूट.
विश्रामने दोनदा मोजलं,
तिसऱ्यांदा मला पट्टीचं टोक धरायला लावलं.
बंदरावर काटे तपासायचं काम त्याचं,
घरीही त्याला अंदाज चालत नाही.

भिंत बोटाने वाजवली तर पोकळ.
जिप्समची आहे. आमच्या फोडणीला
पलीकडे रोझेलचं बाळ शिंकतं.
खिळा मारायचा नाही, हे करारात
अरबीतही आहे आणि इंग्रजीतही,
म्हणजे टीव्ही उभा राहणार शिलाई मशीनच्या टेबलावर
आणि बाल्कनीचं दार अर्धंच उघडणार.
चालेल. बाहेर तपकिरी डोंगर आहे,
तो कुठे जात नाही.

रुवीच्या दुकानात भिंतभर चाळीस टीव्ही,
चाळीसही टीव्हींत एकच पोपट,
पिसाची काडी न् काडी मोजून घ्यावी असा.
मग चिरलेलं कलिंगड, मग बर्फ, मग परत पोपट.
शनवास म्हणाला, भाभी, पंचावन्न घ्या,
फक्त अठ्ठावीस रियाल जास्त,
छोटा नेणारे सगळे वर्षात पस्तावतात.
विश्रामने खिशातून कागद काढला.
अंतर भागिले दीड की भागिले दोन,
यावर कण्णूरची हिंदी आणि कणकवलीची हिंदी
बराच वेळ एकमेकींना समजावत राहिल्या.

मी तोवर पर्समधली पिवळी टेप काढली,
ब्लाउजची मापं घ्यायची,
आणि एका बंद टीव्हीच्या काळ्या काचेपुढे
स्वतःचा चेहरा मोजला.
केसांच्या मुळापासून हनुवटीपर्यंत साडेसात.
केतकीचा माझ्यावरच गेलाय, कणभर लांबट.

शुक्रवारी ती मिरजेहून फोन करते
हॉस्टेलच्या जिन्यात बसून, रेंज तिथेच येते.
आठ महिने मी तिला काडेपेटीएवढी बघतेय.
फोन उभा धरते, म्हणजे टीव्हीतही
दोन्ही बाजूंना काळोख आणि मधल्या पट्टीत ती.
पंचावन्नात माझ्याहून थोराड होईल,
चौकातल्या फलकावरच्या पुढाऱ्यासारखी.
बत्तिसात परत पाचवीतली.
त्रेचाळीसच्या काचेला मी टेप लावली,
बोटाने खूण धरली: इथे कपाळ, इथे हनुवटी.

"किती वर्षांची?" शनवासने विचारलं.
मी सांगितलं. तो काही बोलला नाही,
शर्टाच्या खिशातल्या फोनवर हात ठेवून उभा राहिला,
मग बिलात पाच रियाल कमी केले.
विश्रामला वाटलं, गणितामुळे.

खोका फेकला नाही. थर्माकोलसकट
कपाटामागे उभा आहे, बाण वर करून.
आमच्या मजल्यावर खोके कुणीच फेकत नाही.
एकवीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरचाही आहे आमच्याकडे,
मिक्सर गेला.

शुक्रवारी ती आली. जिना आला,
मागच्या भिंतीवरचा पोपडा आला,
डोळ्यांखालचं जागरण, ओठावरची साल.
विश्राम रंग थोडे कमी करत बसला, रिमोट घेऊन.
मी म्हटलं, अगं, डाव्या कानातलं कुठे गेलं?
तिने कानाला हात लावला. हसली.
"ते होय? दिवाळीतच हरवलं.
आज दिसलं तुला?"