वजाबाकी

मूळ डिझाइन म्हणजे सिस्टर क्विटेरियाचं बोट.
तळपायावर एक टिचकी,
की विसरलेला श्वास दचकून परत यायचा
नऊशे ग्रॅमच्या देहात.
मडगावचं इस्पितळ, रात्रपाळी, अकरा पाळणे.
"मला आणखी बोटं करून दे," ती म्हणाली,
"डुलकी न घेणारी."

जुन्या मोबाइलची मोटर मी उचकटली,
शेंगदाण्याएवढी, थरथरणारी.
बायकोने ती मलमलीच्या मोज्यात शिवली, मोजा उलटा करून,
शिवण कातडीला लागू नये म्हणून.
पहिल्या नमुन्याने बाळ रडलं.
दुसऱ्याचे सांधे खाऱ्या हवेने हिरवे पडले.
तिसऱ्यापाशी प्रश्न आला:
श्वास थांबल्यावर किती थांबायचं?

डॉक्टर कुंकळ्येकर म्हणाल्या, वीस सेकंद.
वीस म्हणजे किती, ते पाळण्यापाशी उभं राहून मोजलं.
बाहेर पोदेराचा भोंगा वाजला,
पाव घेऊन सायकल कोपऱ्यावर वळली: सात.
कुणी दार लोटलं: बारा.
काचेत काहीच हललं नाही.
मी पंधरा लिहिलं आणि खाली सही केली.

मग केप्याची शेवंती गावडे.
लेक तिच्या उघड्या छातीवर, वर नऊवारीचा पदर,
यंत्रावर हिरवा दिवा, श्वास एकदम झकास.
इतका झकास की सिस्टरला संशय आला.
पदर सारला तर ओठ जांभळे.
टिचकी. टिचकी. आणखी एक.
आलं.

यंत्र आईचा श्वास मोजत होतं.

त्या रात्री मी दुसरा सेन्सर बसवला, आईसाठी.
दोघींच्या हालचालीतून आईची वजा करायची,
उरेल तो लेकीचा.
गणित सोपं आहे, शाळेतलं.
शेवंतीने चिकटपट्टी लावू दिली आणि विचारलं,
"म्हजो स्वास किद्याक?"
वगळायला, असं सांगायला जीभ वळेना.
म्हटलं, तुलनेसाठी.

आता चालतं. सोळा बाळांवर चाललं.
फक्त कधी कधी, पहाटेकडे,
दोघींचा श्वास एकाच लयीत पडतो,
वजाबाकी शून्यावर येते,
आणि यंत्र घाबरून
मजेत झोपलेल्या पायाला गुदगुल्या करतं.

हा दोष वहीत नोंदला आहे, लाल शाईने.
अजून दुरुस्त केलेला नाही.
सिस्टर म्हणते, असू दे.
आणि स्वतःचं बोट घेऊन
पाळण्यांमधून फेरी मारते, जुन्या सवयीने.