खडूची बस

गिमलीत अजून बर्फ वितळायचाय.
गॅरेजच्या फरशीवर गुद्योन
खडूने जुनी स्कूलबस आखतो.
अठ्ठावीस फूट. इथे चूल, इथे पाण्याची टाकी.
ट्रेलर स्वस्त होता, पण त्यात सहाच मावतात,
आणि तंबूत धाकट्याला रात्रभर अस्वलं ऐकू येतात.

"झोपा बघू," तो म्हणतो, आणि सातही पोरं
आपापल्या चौकटीत आडवी होतात,
कोट-बुटांसकट.
थोरली हाल्डोरा उठून बसते.
"मी नसेन उन्हाळ्यात. विनिपेगला नोकरी लागलीय."

खडू थांबतो.
मग आई, सिग्रून, म्हणते, बरंच झालं,
तिथे बूट ठेवू, बटाट्यांचं पोतं.
आणि टेप घेऊन आखून घेते
बुटांसाठी
पाच फूट आठ इंच.