अर्धा गुण

सातवीच्या सहामाहीत प्रश्न आला:
पठार म्हणजे काय? गुण दोन.
मी लिहिलं,
जांबोटीच्या वरचा आमचा सडा.
तिथं इराप्पाची म्हसरं चरतात,
भादव्यात जांभ्याच्या खळग्यांत
सीतेची आसवं फुलतात, बोटभर उंचीची,
आणि चालत कडेला गेलं
की पायाखालची जमीन संपते.

घाडीबाईंनी दीड गुण कापला.
अर्धा ठेवला, लाल शाईत शेजारी लिहिलं:
कडेचं बरोबर.

पुस्तकात सह्याद्री करवतीसारखा होता.
आमच्या खिडकीतून तो बसलेल्या म्हशीसारखा दिसायचा,
पाठीवर धुकं, शिंगं कुठंच नाहीत.
फोंडू म्हणाला, बाई, चित्र चुकलंय.
चित्र बरोबर हाय, बाई म्हणाल्या,
दात सगळे गोव्याकडं.
आपल्या वाट्याला पाठ आलीय.

मग एका शनिवारी
खानापुरातनं मडक्यांच्या मातीची दोन पोती आली.
पटांगणात आम्ही गुडघ्यावर बसून तालुका केला.
शेवंतानं घाट रचला, बसवण्णीनं खोरं कोरलं
(तिला मराठीत ‘खोरं’ म्हणता यायचं नाही,
कोरता मात्र सगळ्यांत सुबक यायचं).
मी सडा थापला, हाताच्या पंज्यानं,
भाकरी थापतात तसा, आणि कड तोडून सोडली.

यल्लूनं काडी उगारली:
बाई, राज्याची हद्द कुठनं काढू?
सगळे गप्प. त्याच्या घरी या प्रश्नावर
ताटावरनं उठून जाणारे दोन चुलते होते.
बाईंनी कोपरानं कपाळावरचे केस सारले,
हात मातीचे.
ते भूरूप न्हवे रे. तो धडा नागरिकशास्त्रात.
काडी ठेव, तांब्या घे.

तांब्या कणकुंबीवर उपडा झाला.
पाणी माथ्यावर क्षणभर घोटाळलं, मग फुटलं.
थोडं म्हादई होऊन शाळेच्या पायरीकडं,
जवळच्या समुद्राला.
बाकीचं मलप्रभा होऊन उलट्या वाटेनं,
पाठ फिरवून, बसवण्णीच्या खोऱ्यातनं,
पार हातपंपापर्यंत.
तो आमचा बंगालचा उपसागर.
मधल्या रेघेला बाई जलविभाजक म्हणाल्या.
वीतभर सुद्धा रुंद नव्हती.

सोमवारी घाटाला भेग पडलेली.
सगळ्यांनी फोंडूवर आळ घेतला.
बाईंनी भेगेत पट्टी घालून खोली मोजली:
अडीच सेंटिमीटर.
याला विदारण म्हणतात. उन्हानं केलंय.
फोंडूला मारू नका, वहीत लिहा.

*

आता मी खानापूर–अथणी गाडीवर कंडक्टर.
खिडकीबाहेर बघायला वेळ नसतो,
तिकीट, सुट्टे पैसे, सरका की हो पुढं, मुंदं होग्री.
पण जमीन मला कळते.
परवा गोकाकच्या अलीकडं
कुणाच्या तरी पिशवीतनं नारळ सुटला.
शेवटच्या बाकाखालनं घरंगळत
पार ड्रायव्हरच्या गिअरपर्यंत गेला.
उतार.
घटप्रभेचा पूल ओलांडताना जरा थबकला,
मग चढाला पुन्हा माझ्याकडं आला,
पट्ट्यावरच्या मास्तराला उत्तर द्यायला यावं तसा.
मी पायानं अडवला नाही.

कृष्णा ओलांडली की माती काळी होते,
ऊस दोन्ही बाजूंना भिंतीसारखा,
आणि नारळ जिथं ठेवाल तिथंच राहतो.
मैदान: सखल, सपाट, विस्तीर्ण प्रदेश.
हे मला पाठ होतं, दोनपैकी दोन मिळाले होते.
तरी अथणीच्या स्टँडवर उतरल्यावर
पाय आपसूक कड शोधतात.

ज्याचा नारळ, त्या म्हातारीनं
उतरताना तो माझ्या हातात दिला.
इट्कोळ्ळव्वा, म्हणाली, एवढा फिरलाय,
देवाला कसा चालंल?
मी कानाशी धरून हलवला.
आत पाणी होतं,
कुठल्या बाजूला जावं ते
अजून न ठरलेलं.