वाचून दाखवा की

वकील दोन होते.
एक नात्यातले, सासूच्या चुलतघरचे.
फी घेणार नाहीत, पण गोष्ट दुपारपर्यंत
नंदगडच्या बाजारात पोचणार.
दुसरे तिगडी. खानापुरात कोर्टासमोर,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर.
पास्कलीन म्हणाली, "तिगडींच्याकडंच जा.
माझ्या कुंपणाच्या केसमध्ये हरलो आम्ही,
पण हरणार म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलेलं बघ."
मला एवढी शिफारस पुरली.

सोमवार, साडेदहा. आदल्या रात्री
चादर अंथरून कागद मांडले.
घरपट्टीच्या पावत्या, कौलांच्या भट्टीचं लायसन,
बाबांच्या मृत्यूचा दाखला, उतारा कानडीतला.
मला कानडी बोलता येतं, भांडता येतं,
मापावर दोन वांगी जादा घालून घेता येतात.
वाचता येत नाही.
ती अक्षरं बघितली की वाटतं
बाबांनी चाकावरनं उतरवलेली बोळकी
ओळीनं ठेवलीत, अजून ओली,
हात लावायचा नाही.

मंजुळेचा नातू सहावीत आहे, त्यानं वाचलं.
शाळेच्या दाखल्यावर येल्लाप्पा,
पावतीवर यल्लोजी,
उताऱ्यावर एल्लप्पा बिन नागप्पा.
"आजी, हे तिघं भाऊ काय?"
नाही रे. एकच माणूस.
चिखल तुडवून टाचा फाटलेला.

कॅलेंडरच्या पाठीवर तारखा लिहिल्या.
बाबा गेले ती. भट्टी विझली ती.
परशरामानं जागा हॉटेलवाल्याला दाखवली ती.
वहिनी माझ्याशी बोलायची थांबली
ती पण लिहिली, मग खोडली.
कोर्टाला तिचं काय.

एक कागद उशीखाली ठेवला.
हक्कसोड. खाली माझी सही.
बाबांचं तेरावं होऊन अकरा दिवस झालेले,
परशराम म्हणाला, "बँकेला पाहिजे गं, अशीच एक सही."
सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत पंखा बंद होता.
साहेबांनी मान वर न करता भरभर काही विचारलं,
मी "हौद्री" म्हटलं.
येताना त्यानं मला उसाचा रस पाजला.
रस चांगला होता, आलं घातलेला.
अठरा वर्षं झाली, चव अजून आठवते,
हाच राग आहे.

सकाळी तो कागद कमरेला खोचला.
पिशवीत नाही. म्हटलं, बघू.
बघू म्हणत जिना चढलो.

तिगडी वकिलांनी पिशवीतलं एकेक काढलं,
तीन नावांवर पेन्सिलनं टिंबं दिली.
"सगळं आणलंय न्हवं?"
मी होय म्हटलं.
मग नाही म्हटलं, आणि कमरेचं काढून दिलं.
घडी घामानं मऊ झालेली.

त्यांनी दोनदा वाचलं.
"हे लपिवला असता तर तिकडचा वकील काढला असता,"
म्हणाले, "तवा मला तोंड दाखवाय जागा न्हवती."
मग विचारत गेले.
कोण कोण होतं. पैसे मिळाले काय.
सही करायच्या आधी कुणी वाचून दाखवलं काय.
नाही.
ते 'नाही' त्यांनी लिहून घेतलं.
"अवघड हाय बाई. होत न्हाई म्हणत न्हाई मी.
अवघड हाय."

पाचशे रुपये. पावती मागितली, दिली.
नंतर वकीलपत्र पुढं सरकवलं,
गोल गोल अक्षरांचं पान, तळाला फुली मारलेली.
"इथं सही."
पेन हातात घेतलं होतं. टोपणही काढलं होतं.

"वाचून दाखवा की."

टायपिंग करणारी पोरगी थांबली.
"न्हेमीचंच असतंय ओ ते, सगळ्यांना एकच."
"असूदे. वाचा."

त्यांनी चष्मा पुसला.
एक ओळ कानडीत, मग तीच
त्यांच्या अडखळत्या मराठीत,
मधेच शब्द सापडेना तर पोरगी पुरवायची.
जिन्यावर पुढचा पक्षकार खोकत होता.
माझ्या चहावर साय धरली.

शेवटची ओळ झाली तेव्हा विचारलं,
आणि हे, मागच्या बाजूला काय लिहिलंय?
त्यांनी पान उलटलं.
कोरं होतं.
मग सही केली, मराठीत, पूर्ण नाव,
बाबांचं येल्लाप्पा धरून.