पाव कला

ऑगस्टचा शेवटचा शनिवार.
हालिंगदालात, लाकूडगिरणीमागच्या मैदानावर
रेनडिअर उभा आहे, कागदाचा, शंभर मीटरवर,
खांद्यामागे एक वर्तुळ, फूटभर रुंद.
त्यात पाच गोळ्या बसवायच्या,
मगच यंदा रानात जायचं.
असा नियम.

तुर्गिल्स एक्काहत्तर वर्षांचा.
या परीक्षेला त्याने कधी परीक्षा मानलं नाही.
पालथा पडतो, अक्रोडाच्या दस्त्याला गाल लावतो,
आणि पहिली गोळी खाली, डावीकडे.
दुसरीही.
"दुर्बीण सरकली," म्हणतो.
"पुलाच्या खड्ड्यात गाडी आदळली ना, तेव्हाच."

गुद्नी, त्याची धाकटी, शेजारी गुडघे टेकते,
चकतीवरचं टोपण फिरवून काढते.
हे त्यानेच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना,
स्वयंपाकघरात, दोन सुतळ्या घेऊन:
एकेक टोक मिठाच्या बरणीखाली दाबलेलं,
उरलेली दोन दाराकडे नेत नेत.
"वर्तुळाचे तीनशे साठ भाग कर. त्यातल्या एकाचे साठ.
ती एक कला.
बरणीपाशी ती नसतेच म्हण.
दाराशी एका दोऱ्याएवढी.
शंभर मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटर,
तीनशेवर माझा तळहात.
कोन तोच असतो, पोरी. वाढतं ते अंतर."
"मीठ सांडेल," आई म्हणाली होती.
"आणि चंद्रावर?" गुद्नीने विचारलं.
त्याने पावाच्या कागदावर गुणाकार केला,
दोनदा केला.
"एकशे बारा किलोमीटर. पण तिथे
मारण्यासारखं काही नाही."

चकतीची एक टिचकी म्हणजे पाव कला:
इथे सात मिलिमीटर, वाटाण्याचा एक दाणा.
नऊ सेंटिमीटर खाली, म्हणजे तीन कला, म्हणजे बारा वर.
सहा डावीकडे, म्हणजे आठ उजवीकडे.
टक, टक, टक.
ती मोठ्याने मोजते, तो नुसते ओठ हलवतो.

मग तिसरी, चौथी, पाचवी.
हालवार पाटी घेऊन तिच्याबरोबर कागदापर्यंत चालत येतो
आणि काहीच लिहीत नाही.
भोकं कुठेही आहेत. एक मानेपाशी,
एक कागदाबाहेरच्या फळीत.
पाचही एका जागी चुकली असती
तर तिला बरं वाटलं असतं.
सरकलेला पुंजका आणता येतो परत,
मोजून, दातरी दातरीने.
विखुरलेल्याचं काय फिरवायचं?

ती त्याला विचारत नाही. त्याच्या जागेवर आडवी होते,
त्याच्याच रायफलने तीन झाडते.
तीन भोकं एकमेकांना चिकटलेली,
एका नाण्याखाली झाकतील अशी,
मध्यापासून नऊ वर,
सहा उजवीकडे.

तुर्गिल्स तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून होता.
हा हिशोब त्याला कागदाशिवाय येतो.
बराच वेळ त्याने डोळा काढला नाही.
गिरणीत करवत सुरू झाली, थांबली.
मग तो आला, गुडघ्यांवर हात देत खाली बसला,
म्हणाला, "बारा खाली. आठ डावीकडे.
मी करतो."

कॉफी ओतताना त्याचा हात आता बशीभर सांडतो,
गुद्नीला ठाऊक आहे, घरात सगळ्यांनाच.
पण चकतीवर बोट हललं नाही.
खाच धरते बोटाला, पुढची धरेपर्यंत.
विसाव्या टिचकीला त्याने टोपण बसवलं,
बाहीने पुसलं, उगाच.

हालवार खाकरला.
"दुसरा प्रयत्न आहे अजून, तुर्गिल्स. नाव लिहू?"

"लिही," तो म्हणाला,
पट्टा तिच्या खांद्यावर अडकवत,
"गुद्नी. एक ग, त्याला उकार.
शाळेत सगळे चुकवायचे."